मूठभर शेंगदाणे

शेंगदाणा हा आपल्या घरातला अगदी निरुपद्रवी पदार्थ. उपासाला चालतो, चटणीला चालतो, पाहुणा अवेळी आला तर गुळाच्या खड्याबरोबर बशीत घालून वेळ मारून नेता येते. अशा शेंगदाण्यावरून दोन शेजाऱ्यांनी वर्षभर एकमेकांशी बोलू नये, आणि तेही इंग्लंडात, जिथे पावसापाण्याच्या गप्पांवर माणसे जन्मभराचा शेजारधर्म निभावून नेतात, हे मला एरवी खरे वाटले नसते. पण २०२२ च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टरशायरमधल्या एका खेड्यात माझ्या मावसबहिणीकडे तीन आठवडे राहिलो आणि हे भांडण कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी ऐकले.

भांडणाचे कारण होता बॅजर. हा प्राणी आपल्याकडे नाही, म्हणून त्याला घरगुती मराठी नावही नाही. चांदी अस्वल हे त्याचे आपल्याकडचे दूरचे नातलग. दहाएक किलो वजन, आखूड पाय, राखी अंग आणि पांढऱ्या तोंडावर नाकापासून कानापर्यंत ओढलेले दोन काळे पट्टे. दिवसभर बिळात झोपायचे आणि अंधार पडला की बाहेर यायचे. ही बिळे म्हणजे वाडेच असतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच कुटुंब त्याच वाड्यात, नवी दालने खोदत राहते. केनेथ ग्रॅहॅमच्या 'द विंड इन द विलोज' या १९०८ च्या पुस्तकात हा बॅजर तुसडा पण मनाचा मोठा असा वडीलधारा गृहस्थ म्हणून येतो. इंग्रज मूल त्याच्या मांडीवरच वाढते म्हणा ना! एके काळी त्याच्यावर कुत्री सोडून तमाशा पाहणारेही इंग्रजच. तो खेळ १८३५ साली कायद्याने बंद झाला. आज १९९२ च्या कायद्याने बॅजरला मारणे सोडाच, त्याचे बीळ उकरणेही गुन्हा आहे.

ताई रात्री दहाच्या सुमारास हिरवळीवर शेंगदाण्यांची वाटी ठेवी आणि आम्ही दिवे मालवून खिडकीशी बसत असू. थोड्या वेळाने झुडपातून ते पट्टेदार तोंड बाहेर येई. लग्नाला उशिरा पोहोचलेल्या वरबापासारखे डुलत डुलत, कुणाकडे न पाहता थेट पंगतीकडे! भाऊजींना पंचवीस वर्षांच्या संसारात जेवढ्या कौतुकाने वाढले गेले नसेल तेवढ्या कौतुकाने ताई त्या जनावराचे खाणे पाहत राही.

त्या वर्षी तिच्या म्हणण्याला जोरही होता. जुलैच्या १९ तारखेला इंग्लंडात पारा प्रथमच चाळिसाच्या वर गेला. जमीन दगडासारखी झाली. बॅजरचे मुख्य अन्न गांडुळे, आणि ती ओलाव्यामागे खोल निघून गेलेली. "अरे, भुकेला जीव दारात येतो," ताई म्हणाली, "आपल्या आयांनी कधी कुणाला रिकामं परत पाठवलंय का?" यावर काय बोलणार? मावशीच्या हातचे खाऊन मीही वाढलो आहे.

कुंपणाच्या पलीकडे दुधाचा धंदा करणारा शेतकरी. साठीचा, लाल चेहऱ्याचा. त्याचे इंग्रजी मला निम्मेच समजे. पण गोठ्याच्या दारात उभे राहून तो जे सांगत होता ते समजायला भाषा फारशी लागत नव्हती. गाईला बॅजरपासून क्षय होतो, असे त्याचे म्हणणे. ठरावीक मुदतीने जनावरांचा डॉक्टर येतो, प्रत्येक गाईच्या मानेवर दोन ठिकाणी सुई टोचतो आणि तीन दिवसांनी परत येऊन तिथल्या गाठी मोजतो. ते तीन दिवस घरात कुणी धड जेवत नाही. गाठ प्रमाणाबाहेर मोठी निघाली की गाय गेली. औषध नाही, अपील नाही. ती गाभण असो, नाहीतर दिवसाला तीस लिटर देणारी असो. आदल्या हिवाळ्यात त्याच्या अकरा गाई गेल्या. त्यांतली एक त्याच्या नातीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. दोघी विणीच्या इतक्या जवळ होत्या की गाडीत चढवणे शक्य नव्हते. त्यांना अंगणातच गोळी घालावी लागली. नंतर साठ दिवसांच्या अंतराने दोन तपासण्या निर्दोष पार पडेपर्यंत गोठ्यावर बंदी. सरकार भरपाई देते. पण भरपाईचा विषय निघाला तेव्हा तो माणूस माझ्याकडे न पाहता गव्हाणीकडे पाहू लागला. आणि अशा वेळी शेजारीण रोज रात्री त्याच जनावराला वाटीभर शेंगदाणे वाढते, हे त्याला कळले होते.

'क्षय' हा शब्द ऐकला की मराठीच्या मास्तराच्या डोळ्यांपुढे जुन्या कादंबऱ्यांतल्या खोकणाऱ्या नायिका उभ्या राहतात. पुराणात तर चंद्रालाच क्षय झाला. सत्तावीस बायकांत एकट्या रोहिणीवर जीव जडवला म्हणून सासऱ्याने, दक्षाने, शाप दिला. संस्कृतात रोहिणी म्हणजे तांबडी गायही. आवडत्या एकीपायी बाकीच्यांकडे दुर्लक्ष आणि त्यातून क्षय, ही कथा त्या गोठ्याच्या दारात मला उगाचच आठवली. असो.

खरा प्रश्न असा की बॅजर दोषी आहे काय? १९७१ साली याच ग्लॉस्टरशायरात मेलेल्या एका बॅजरमध्ये गाईच्या क्षयाचे जंतू सापडले, आणि तेव्हापासून खटला चालू आहे. १९७५ पासून काही वर्षे बिळांत विषारी वायू सोडला. तो प्रकार फारच क्रूर ठरून १९८२ साली बंद झाला. १९९८ पासून शास्त्रीय पद्धतीने आखलेला मोठा प्रयोग झाला. त्यात सुमारे ११,००० बॅजर मारले गेले. निष्कर्ष चमत्कारिक निघाला. जिथे बॅजर मारले तिथे गाईंचा क्षय काहीसा कमी झाला, पण त्या मुलखाच्या कडेने वाढला. कारण कुटुंबे मोडली की उरलेले बॅजर घरदार सोडून भटकू लागतात आणि रोग बरोबर नेतात. मारून या रोगाला भरीव आळा बसणार नाही, असे प्रयोग करणाऱ्या तज्ज्ञांनीच २००७ साली सांगितले. तरी २०१३ मध्ये ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेटपासून पुन्हा बंदुका निघाल्या आणि आजवर २,३०,००० हून अधिक बॅजर मेले. गाईही दरसाल हजारोंनी जातच राहिल्या. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा साथीदार ब्रायन मे गिटार खाली ठेवून बॅजरांची बाजू घ्यायला उभा राहिला, तो याच काळात.

म्हणजे ताई जिंकली? मला तसे वाटत नाही. बराचसा रोग गाईकडून गाईकडेच जातो हे खरे. २००१ च्या लाळ-खुरकताच्या साथीनंतर रिकामे गोठे भरायला तपासणीवाचून गाई आणल्या गेल्या आणि क्षय देशभर पसरला, हेही खरे. २०१८ साली सर चार्ल्स गॉडफ्रे यांच्या समितीने शेतकऱ्यांना हेच ऐकवले, की बॅजरवर बोट दाखवताना आपल्या गोठ्याकडे दुर्लक्ष होते आहे. पण बॅजरचा वाटा लहान असला तरी शून्य नाही. आणि रोगट जनावरे एका ताटाशी गोळा करणे हे तर सरळ सरळ धोक्याचे. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९९० नंतरच्या काळात रानातल्या हरणांत हाच क्षय आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने पहिल्या प्रथम जे बंद केले त्यात हरणांपुढे गाजरे आणि बीट यांचे ढीग ओतणे होते. उष्ट्यातून रोग पसरतो हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते.

मी ताईला तसे म्हटले. वाटी आपण त्याच्या भुकेसाठी ठेवतो की त्याने आपल्या खिडकीसमोर यावे म्हणून? तिला ते लागले. दोन दिवस चहा मुकाट्याने पुढे आला.

मला असे बोलावेसे का वाटले तेही सांगतो. आमचे गाव साताऱ्याकडचे. शेंगा भरत आल्या की रानडुकरे येतात आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे उलथून टाकतात. माझा चुलता सत्तरी ओलांडूनही माळ्यावर राखणीला बसे. पत्र्याचा डबा बडवून त्याचा आवाज बसलेला असे. शहरातून आलेली मंडळी कुठेही गाडी थांबवून माकडांना केळी भरवतात, ती माकडे उद्या कुणाच्या परसात उतरणार आहेत याचा विचारही करीत नाहीत. जनावरावर प्रेम करणे वाईट नव्हे. पण त्या प्रेमाचे बिल कुणाच्या नावे फाटते, हे पाहायला फारसे कुणी थांबत नाही. मात्र चुलत्याने डुकराला शिव्या घातल्या तरी त्याचा दोष वाटून घेतलाच पाहिजे अशा आणखी गोष्टी होत्या. रान तुटले होते, ओढे आटले होते. इंग्लंडातल्या त्या शेतकऱ्याला तपासणीवाचून विकत घेतलेल्या गाईंविषयी मी विचारले, तेव्हा तोही थोडा वेळ गप्पच राहिला.

तिथल्या सरकारने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, की बॅजरांची कत्तल २०२९ पर्यंत संपवायची. त्याऐवजी लस. ती कोणती, तर आपल्या दंडावर जिचा वण असतो तीच बीसीजी. माणसाला ती प्रथम १९२१ साली फ्रान्समध्ये दिली गेली, आणि ती बनली होती गाईच्याच क्षयाच्या जंतूंना कमजोर करून. गाईकडून माणसाकडे आलेली लस आता बॅजरकडे! कॉर्नवॉलमध्ये काही शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन चार वर्षे बॅजरांना लस टोचू दिली. तपासणीत रोगाची लागण दाखवणाऱ्या बॅजरांचे प्रमाण शंभरात सोळावरून शून्यावर आले. प्रयोग लहान आहे, गाईंविषयी त्यातून अजून काही सिद्ध होत नाही. पण बंदूक न उचलता शेतकरी पुढे आले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

लस टोचायची तर बॅजर हाती लागला पाहिजे. त्यासाठी बिळाजवळ लोखंडी पिंजरे ठेवतात. आधी आठवडाभर दार उघडेच असते, आत दगडाखाली आमिष असते. जनावर निर्धास्त झाले की एका रात्री दार लावायचे, पहाटे सुई टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि सोडून द्यायचे. मारण्यासाठी पकडायचे असले तरी पिंजरा तसाच आणि आमिषही तेच. शेंगदाणे!

ताईने हिरवळीवरची वाटी बंद केली आहे. माझ्या बोलण्याने नव्हे. तिथल्या लस टोचणाऱ्या मंडळींनी सांगितले म्हणून. शनिवार-रविवार ती त्यांच्याबरोबर शेंगदाण्यांची पिशवी घेऊन पिंजरे भरायला जाते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. शेजाऱ्याच्या रानात पिंजरे ठेवायला त्याची परवानगी हवी, म्हणून ती स्वतः कुंपणापाशी गेली. त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. गाईंची पुढची तपासणी होऊन जाऊ दे, मग सांगतो, एवढेच म्हणाला. आणि त्या आठवड्यात पाऊस बरा झाला, हेही म्हणाला.