एस्प्रेसो आणि सहा क्विंटल कापूस

‘एस्प्रेसो’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लग्नाच्या मांडवात. १९९०च्या दशकात आमच्या वऱ्हाडात जरा ऐपतीचे लग्न असले, की मांडवाच्या एका कोपऱ्यात एक चकचकीत उभे यंत्र येत असे. त्याच्या नळीतून वाफ फुसफुसत दुधात शिरे, दूध फेसाळून कपाच्या काठापर्यंत येई आणि वाढणारा वरून चिमूटभर कोकोची भुकटी भुरभुरवी. आम्ही मुले दोन-दोनदा रांगेत उभे राहायचो. त्या गोड, दुधाळ पेयाचा इटलीतल्या एस्प्रेसोशी संबंध नावापुरताच होता, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. कळले, आणि २०२४च्या दिवाळीत मी एक खरे एस्प्रेसो यंत्र हिवरखेडच्या आमच्या घरी आणून बसवले. हा लेख त्या यंत्राविषयी आहे. पण त्या यंत्रापायी मी माझ्या थोरल्या भावाशी जे खोटे बोललो, त्याविषयी अधिक आहे.

हिवरखेड हे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. कापूस, तूर, केळी, संत्री, कुठे कुठे पानपिंपरी. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी २०१७च्या आरंभी बंद होईपर्यंत आमच्या स्टेशनावर थांबत असे. येथे चहा हे पेय नसून शिष्टाचार आहे. दारी आलेल्याला चहा न देणे म्हणजे त्याला परतवून लावणे. कॉफी मात्र आमच्याकडे आजारपणात, जायफळ घालून मिळायची. अशा घरात मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने एवढे महागाचे यंत्र का आणावे, याला सोयीस्कर उत्तर माझ्यापाशी नाही. रात्री उत्तरपत्रिका तपासताना कॉफीची सवय लागली, सवयीची आवड झाली आणि आवडीचा अभ्यास झाला, एवढेच सांगता येईल.

अभ्यास मात्र मी कसून केला. (तेवढा प्रबंधासाठी केला असता तर मार्गदर्शकांना आनंद झाला असता.) मिलानच्या लुईजी बेझ्झेरा याने १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते वाफेच्या दाबावर चालत असे. तो दाब तोकडा आणि वाफेने कॉफी करपट होई. आकिले गाज्जा याने १९३८ साली वाफेला फाटा देणारी रचना पेटंट केली आणि युद्धानंतर, १९४८ साली, त्याचे दांडा ओढून चालवायचे यंत्र बाजारात आले. त्या दाबाने कॉफीवर प्रथमच सोनेरी-तपकिरी साय धरली. १९६१मध्ये फाएमा या कंपनीच्या ‘ई-६१’ने दांड्याचे काम विजेच्या पंपाकडे सोपवले. आजची घरगुती यंत्रे याच घराण्यातली.

निवड करताना दोन-तीन गोष्टी उमगल्या. अगदी स्वस्त यंत्रांत पंप नसतोच, नुसती वाफ असते. म्हणजे आपण पुन्हा १९०१ सालात जातो. पंप असलेल्या यंत्रांच्या खोक्यांवर ‘१५ बार’, ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते. ती पंपाची कमाल ताकद. कॉफीला हवे असतात साधारण ९ बार. दुसरे असे, की पुष्कळ यंत्रांबरोबर दुहेरी तळाची चाळणी येते. तिला एकच बारीक छिद्र असते आणि ते कोणत्याही भुकटीवर फेस आणून दाखवते. फेस दिसतो, चव येत नाही. साध्या चाळणीत मात्र दळण चुकले की चूक कपात उतरते. म्हणून तिसरी गोष्ट: अर्धा पैसा यंत्रावर नव्हे, चक्कीवर घालावा. मी लहानशा बॉयलरचे, साध्या चाळणीचे यंत्र घेतले आणि जोडीला हाताने फिरवायची चक्की. वीज गेली तरी ती थांबत नाही आणि मायला ती पाहून जाते आठवते.

दोन्ही मिळून खर्च आला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. दादाने विचारले, “कितीले पडलं?” मी म्हणालो, “अठरा हजार.”

हा आकडा माझ्या तोंडून कसा आला ते आजही नीट सांगता येत नाही. दादाने बारावीनंतर शिक्षण सोडून शेती सांभाळली, म्हणून मी अमरावतीला एम.ए. करू शकलो. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पंचेचाळीस हजार म्हणजे सहा क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहू एकराला बऱ्या वर्षीही तेवढा उतरत नाही. पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी, आणि त्या साऱ्याच्या शेवटी दोन घोट कडू पाणी! हा हिशेब यंत्र मागवण्याआधीच माझ्या मनात झालेला होता. ‘चैन’ हा शब्द आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने उच्चारला नाही. पण तो उंबऱ्यावर बसून असतो. आणि तरीही ट्रॅक्टरने नांगरणी होत असताना दादा बैलजोडी पाळतो, पोळ्याला तिच्या शिंगांना रंग देतो, तिला कुणी चैन म्हणत नाही, हेही मला ठाऊक होते.

पहिले पंधरा दिवस फजितीचे गेले. अठरा ग्रॅम भुकटी, तिच्यातून पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी, हे सूत्र पाठ होते. पण दळण जाड पडले की बारा सेकंदांतच आंबट पाणी भळाभळा वाहून जाई. बारीक पडले की पंप घुमत राही आणि काळे थेंब टपकत. मायने पहिला कप पाहून विचारले, “बाप्पा, एवढुसा? अन् हा त काढा हाये. सर्दी झाली काय कोनाले?” मला तो शब्द आवडला. एस्प्रेसो म्हणजे दाबून काढलेले. ‘काढा’ म्हटले तर फार दूर जात नाही.

दादा मात्र कपाकडे न पाहता यंत्राकडे पाहत असे. ९ बार म्हणजे किती, असे त्याने विचारले. मी म्हणालो, मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या चौपटीहून जास्त. त्याने मान हलवली. फवारणीचा पंप तो वर्षानुवर्षे चालवत आला आहे; नोझल बारीक केले की दाब कसा वाढतो, हे त्याच्या हाताला माहीत आहे. दळण हेच या यंत्राचे नोझल, हे माझ्या दहा दिवसांच्या वाचनाचे सार त्याने उभ्या उभ्या सांगितले.

जानेवारीत एके सकाळी यंत्र अडले. पंप घरघरत होता, पाणी येत नव्हते. सेवाकेंद्र दूरच्या शहरात. यंत्र पाठवा, महिनाभर थांबा, असे उत्तर मिळाले. दादाने कान लावला आणि म्हणाला, “यानं हवा धरली. मोटर हवा धरते तसंच हाये हे. हवेले वाट दे.” विहिरीवरच्या मोटरीत पाणी भरून हवा काढतात, तसे येथे वाफेची तोटी उघडी ठेवून पंप चालवायचा. तसे केले. तोटीतून दोन-चार पिचकाऱ्या उडाल्या, मग पाण्याची धार लागली.

पण धार बारीक होती. तेव्हा पाण्याचा विषय निघाला, आणि पाणी हा आमच्याकडे साधा विषय नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या गावापासून दक्षिणेला फार दूर नाही. तिथे भूगर्भातले पाणीच खारट. म्हणूनच अकोट-तेल्हारा भागातल्या कित्येक गावांना वाण धरणाचे पाणी नळाने न्यावे लागले. आमचे पाणी पिण्याला गोड असले, तरी बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि मी अडीच महिने तेच यंत्रात ओतत होतो. तापलेल्या पाण्यातला चुना बॉयलरला आतून धरतो, जसा तो ठिबकच्या नळ्यांना धरतो. दादाने कृषी केंद्रातून क्षार मोजायची लेखणी आणली. बोअर नऊशेच्या वर, शुद्ध पाण्याचा जार चाळीसच्या खाली. कॉफीला लागते साधारण दीडशे. अगदी निःक्षार पाण्यात कॉफी फिकी लागते, कारण चव ओढून घ्यायला थोडे खनिज पाण्यात असावे लागते. म्हणून जारच्या सात वाट्यांत बोअरची एक वाटी, असे प्रमाण बसवले. ठिबक धुवायचे आम्ल या कामाला फार जहाल. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून दोनदा फिरवले आणि यंत्र मोकळे झाले. त्या दिवशीचा कप पहिल्यांदा पुस्तकात वर्णन केल्यासारखा लागला. दादाने तो अर्धा पिऊन उरलेल्यात गुळाचा खडा टाकला.

मी दाणे चिकमगळूरचे मागवत असे. फेब्रुवारीत दादा म्हणाला, “आपल्या चिखलदऱ्यालेच त कॉफी हाये. तिकून कायले बोलावतं?” खरेच होते. अमरावती जिल्ह्यातले, मेळघाटातले चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांच्या आसपास आहे, आणि महाराष्ट्रात कॉफीचे गाव म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. शाळेच्या सहलीत कीचकाची दरी पाहिली होती, कॉफीची झुडपे पाहिली नव्हती. कुणी दाखवलीच नव्हती. अकोट, अंजनगाव, परतवाडा करीत आम्ही घाट चढलो. मोठ्या झाडांच्या सावलीत गडद, तुकतुकीत पानांची ती झुडपे उभी होती. एका दुकानात हिरवे दाणे मिळाले.

उतरताना गाडीत दादा मोबाईलवर कापसाचे भाव पाहत होता. न्यूयॉर्कचा वायदा सत्तर सेंटांच्याही खाली होता. मी म्हटले, कॉफीचा भावही न्यूयॉर्कलाच, त्याच बाजारात ठरतो. तिथले कापसाचे एक्सचेंज १८७०चे, कॉफीचे १८८२चे. १९९८ साली दोन्ही एका छताखाली आली. ब्राझीलमधल्या दुष्काळाने त्या महिन्यात कॉफीने पौंडाला चार डॉलरचा टप्पा ओलांडून विक्रम केला होता. दादा म्हणाला, “म्हणजे तुही कॉफी महाग झाली, अन् माहा कापूस तसाच.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो नुसता भाव वाचत होता.

परतवाड्याला चहासाठी थांबलो, तेव्हा मी सांगून टाकले. “दादा, ती मशीन अठराची नव्हती.”

“माहीत हाये. अकोटावरून पार्सल म्याच त आणलं. बिल खोक्यावर चिकटवलं होतं.”

“मग बोलला नाहीस?”

बराच वेळ तो बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, “पैसे तुहे हायेत, बोलू काय? पन तू मले कमी सांगतलं, त्याचा राग आला. म्या कवा तुले हिशेब मागतला?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीन महिने मी माझ्या खोट्याला संकोच समजत होतो, थोडासा सद्गुणही समजत होतो: भावाचे मन दुखू नये म्हणून बोललेले खोटे. त्याच्या एका प्रश्नाने त्याचा खरा अर्थ उघडा पडला. सहा क्विंटलांचे माप माझे होते, त्याचे नव्हते. शेतकरी भाऊ म्हणजे प्रत्येक वस्तू कापसात मोजणारा, दुसऱ्याच्या सुखावर डोळा ठेवणारा माणूस, असे मी त्याला न विचारता ठरवून टाकले होते. शेतकऱ्याच्या दुःखावर आम्ही वर्गात तासन्तास बोलतो. त्या बोलण्याने त्याचे केवळ एक चित्र आपल्या मनात उरते की काय, अशी शंका मला त्या टपरीवर आली. ज्याला मी अठरा हजार सांगितले तो त्या चित्रातला माणूस होता. ज्याने पंपातली हवा काढली तो माझा भाऊ होता.

चिखलदऱ्याचे दाणे आम्ही घरी लोखंडी कढईत भाजले. काही करपले, काही कच्चे राहिले. मायला धुराने खोकला आला. त्या मिश्रणाची कॉफी जाणकारांच्या कोणत्याही कसोटीला उतरली नसती. आता दर रविवारी सकाळी दादा शेतावर जाण्याआधी ओट्याशी येऊन उभा राहतो. चक्की तो फिरवतो, दाब मी सांभाळतो. गूळ तो अजूनही घालतो. पुढच्या महिन्यात चाळणीवरचे रबराचे कडे बदलायचे आहे. त्याची किंमत साडेतीनशे रुपये आहे, हे मी त्याला सांगितले आहे.