गुन्हेगारीशास्त्राच्या एका विभागाला आमचा जयभीम

विद्यापीठातील एखाद्या विभागाचा वर्धापनदिन साजरा करण्याची पद्धत आपल्या चळवळीत नाही. आपल्या तारखा ठरलेल्या आहेत. 14 एप्रिल, 6 डिसेंबर, 1 जानेवारी, 25 डिसेंबर. त्या असल्याच पाहिजेत. पण आज आम्ही एका विभागाचे अभिनंदन करणार आहोत आणि ते का करतो आहोत हेही सांगणार आहोत. शेवटपर्यंत वाचा, मग वाद घाला.

मुंबईतील देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे लोक ज्याला 'टिस' म्हणतात तिथे, गुन्हेगारीशास्त्राचा विभाग आहे. या विभागाने 1990 साली मुंबईच्या तुरुंगात 'प्रयास' नावाचा प्रकल्प सुरू केला. 2025 मध्ये त्याला पस्तीस वर्षे झाली. प्रा. सनोबर साहनी यांनी तो उभा केला, प्रा. विजय राघवन यांच्यासारख्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तुरुंगाच्या आत जाऊन कच्च्या कैद्यांशी बोलतो, त्यांच्या घरी जातो, वकील मिळवून देतो, सुटल्यावर काम मिळेपर्यंत सोबत राहतो, असे हे काम. सांगायला सोपे, पण करायला किती कठीण ते आम्हाला माहीत आहे. कारण आम्ही ते करायला नकार दिला होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात अटक झाला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. आम्ही तिला मावशी म्हणतो. ती रात्री विहारात आली तेव्हा जयंतीच्या वर्गणीची बैठक चालू होती. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "मावशी, अट्रॉसिटीची केस असती तर आत्ता पोलीस स्टेशनवर मोर्चा नेला असता. चोरीच्या केसमध्ये आम्ही कसे पडणार? समाजाचं नाव खराब होतं." बाकीचे आम्ही काहीच बोललो नाही. मावशी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

चार-साडेचार महिन्यांनी आम्हाला एक फोन आला. टिसच्या त्याच विभागातून शिकून तुरुंगात काम करणारी एक ताई बोलत होती. ती म्हणाली, "दादा, तुमच्या वस्तीतला मुलगा आत आहे. त्याचा जामीन होऊन चार महिने झाले. पंधरा हजारांचा जामीनदार द्यायला कोणी नाही. आणि जामीन झालाय हे त्याच्या आईला माहीतच नाही. तुम्ही सामाजिक कार्यकर्ते ना?"

त्या 'ना'ने आम्हाला फार लागले. न्यायालयाने मुलाला सोडायला सांगितले होते, तरी तो आतच होता. कोणत्याही न्यायाधीशाने त्याला ही चार महिन्यांची शिक्षा दिलेली नव्हती. ती गरिबीने दिली, आणि आमच्या गप्प बसण्याने दिली.

पुढचे त्या ताईने शिकवले. जामीनदार म्हणजे कोण, त्याला रेशनकार्ड, पगाराची पावती, ऐपतीचा दाखला का लागतो, तो तहसील कार्यालयात किती दिवसांनी मिळतो, जामीनदार मिळतच नसेल तर रक्कम कमी करून रोख जामिनावर सोडा असा अर्ज कसा करायचा, हे सगळे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले. दुर्खीम पाठ होता, ऐपतीचा दाखला माहीत नव्हता. न्यायालयाने रक्कम पाच हजारांवर आणली. पैसे जयंतीच्या डीजेसाठी बाजूला काढले होते, त्यातून भरायचे का यावर मंडळात भांडण झाले. शेवटी महिला मंडळातल्या एक आजी म्हणाल्या, "पोरगं आत ठेवून आपण नाचायचं का?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. त्या वर्षी डीजे लागला नाही आणि मुलगा घरी आला.

आता तुम्ही विचाराल, तो निर्दोष होता का? नव्हता. मोबाईल त्यानेच उचलला होता, तसे त्याने आम्हाला तोंडावर सांगितले. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण खरा वाद इथे आहे. निर्दोष माणसासाठी लढणे सोपे असते. ज्याच्या हातून चूक झाली त्यालाही संविधानाने हक्क दिले आहेत, हे मान्य करणे जड जाते. पुढे न्यायालयाने त्याला अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. पहिल्यांदा चुकलेल्या तरुणाला तुरुंगात घालून पक्का गुन्हेगार बनवू नये, हाच त्या कायद्याचा हेतू. आज तो दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो.

या प्रकरणानंतर आम्ही गुन्हेगारीशास्त्र वाचायला घेतले आणि लक्षात आले की हा विषय आपल्यासाठी परका नाहीच. 1876 साली इटलीच्या लोम्ब्रोसोने पुस्तक लिहून मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, कवटी आणि जबडा पाहून ती ओळखता येतात. पण त्याच्या पाच वर्षे आधी, 1871 साली, या देशात गुन्हेगार जमाती कायदा आला होता. लोम्ब्रोसो निदान एकेकाची कवटी मोजत होता. इथे तेवढीही गरज नव्हती. जात विचारली की पुरे. धंदा जन्मावर ठरतो, तर गुन्हाही जन्मावर ठरणार! इंग्रजांनी कायदा केला खरा, पण त्यामागचे तर्कशास्त्र त्यांना इथल्या जातिव्यवस्थेत तयार मिळाले. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा किती जमातींना रोजची हजेरी लागली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात माणसे ठेवली गेली.

लोम्ब्रोसोला विरोध करणारा फ्रान्समधला एक न्यायाधीश होता, गॅब्रिएल तार्द. माणूस गुन्हा जन्मातून घेऊन येत नाही, तो भोवतालच्या माणसांकडून, अनुकरणातून शिकतो, असे त्याचे म्हणणे. हे नाव ओळखीचे वाटते का? 1916 साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यात जात एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे कशी पसरली हे सांगताना त्यांनी याच तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला आहे. म्हणजे जातीचे मूळ शोधताना पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांच्या हाताशी एका गुन्हेगारीशास्त्रज्ञाचा सिद्धांत होता. जात निसर्गाने दिलेली नाही, गुन्हाही नाही. दोन्ही समाजात घडतात, म्हणून दोन्ही बदलता येतात. पुढे 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली, तिचे बाबासाहेब सदस्य होते. समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे अधिकारी. हा सगळा इतिहास आपला आहे, आणि तो आपण वाचत नाही.

टिस 1936 साली सुरू झाली, मुंबईच्या नागपाड्यात, समाजकार्याची शाळा म्हणून. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' प्रसिद्ध केले. 1952 साली 31 ऑगस्टला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 सालचा. त्याच वर्षी भीक प्रतिबंधक कायदाही आला. नाव बदलले, पोलिसांची नजर तीच राहिली. त्या काळातल्या विद्यार्थ्यांना तुरुंग, बालगृह, भिक्षेकरीगृह इथे पाठवून माणूस आधी आणि गुन्हा नंतर पाहायला शिकवणे, हे या विभागाचे मोठे काम. एक-दोन नाही, अनेक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे कुठे छापून येत नाहीत. मुलाकातीच्या जाळीपाशी उभे राहून, कैद्याच्या आईला तारीख समजावून सांगून ते घरी जातात. आमचे अभिनंदन त्यांच्यासाठी आहे.

पण ही आंधळी भक्ती नव्हे. 31 डिसेंबर 2022 ची सरकारी आकडेवारी पाहा. देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, जागा होती 4,36,266. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे शंभरात 76 जणांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. कैद्यांत साधारण पाचात एक अनुसूचित जातीचा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत आपला वाटा 16.6 टक्के. एका विभागाने आणि त्याच्या मूठभर कार्यकर्त्यांनी हा डोंगर हलणार नाही. आणि तुरुंगाच्या आत तरी जात कुठे संपते? झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून लिहिलेले होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघड केले, न्यायालयात नेले आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. अस्पृश्यता 1950 साली गेली म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

मित्रांनो, कायदे आज आपल्या बाजूने पूर्वीपेक्षा जास्त आहेत. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तो जामिनाला पात्र ठरतो. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असलेले त्यात येत नाहीत. हे आमच्या मावशीला कोण सांगणार? न्यायालय वस्तीत येऊन सांगत नाही. ते आपण सांगायचे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग लिहिला आहे. अंगुलिमालाची कथा त्यातच येते. आपण ती विहारात मुलांना सांगतो. दरोडेखोराला भेटायला तथागत स्वतः चालत गेले, लोक नको म्हणत असताना गेले. आणि आम्ही मावशीला विहारातून परत पाठवले. हा विरोधाभास आमचा आहे, त्याची जबाबदारीही आमची आहे.

म्हणून आमची मागणी आपल्याच लोकांकडे आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतला कोण आत आहे, कोणत्या कलमाखाली, जामीन झाला का, पुढची तारीख कोणती, एवढे तिच्यात असू द्या. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा जामिनासाठी राखून ठेवा. आणि आपल्या मुलामुलींना एमपीएससी, यूपीएससीसोबत समाजकार्य आणि गुन्हेगारीशास्त्र शिकायलाही पाठवा. ज्या तुरुंगात आपली इतकी माणसे आरोपी म्हणून आहेत, तिथे आपली माणसे कार्यकर्ते आणि वकील म्हणूनही गेली पाहिजेत.

आमच्या विहारातली वही मावशीच्या मुलाने आणून दिली. त्याच्या गॅरेजच्या पगारातून घेतलेली, दोनशे पानी. पहिल्या पानावर आम्ही त्या ताईचा फोन नंबर लिहिला आहे.

जयभीम!