20 रुपयांचा वडापाव स्वस्त की महाग?

माझ्याकडे येणारे एक पेशंट सोसायटीत सिक्युरिटी गार्ड आहेत. वय 46, सात वर्षांचा डायबेटिस, ड्युटी बारा तासांची. गेल्या वर्षी त्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, 9.4 आली. दुपारी काय खाता, असं मी विचारलं.

"दोन वडापाव, सर."

मी फाईलवर लिहिलं, 'बाहेरचं खाणं बंद.' गोळीचा डोस वाढवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा सहकारी त्यांना रिक्षातून घेऊन आला. दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. शुगर 52. ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. मी जरा चिडूनच विचारलं, "गोळी घेऊन उपाशी राहिलात?"

ते म्हणाले, "तुम्हीच वडापाव बंद करायला सांगितलं होतं ना सर? 40 रुपयांत दुसरं काय येतं? बिनसाखरेच्या चहावर काढले एवढे दिवस."

चूक माझी होती. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सकाळी घेतल्या की त्यांचा परिणाम दिवसभर राहतो. दुपारचं जेवण चुकलं तर शुगर धोकादायक खाली येऊ शकते. मी वडापाव काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या गेटसमोरच्या गाडीवर गेलो आणि वडापाव घेतला. खरं सांगतो, चांगला होता. रेसिडेन्सीच्या दिवसांत माझी कित्येक जेवणं अशीच उभ्या उभ्या झाली आहेत. तेव्हा माझ्या मनात एकच हिशोब असायचा, कमीत कमी पैशांत पोट भरतंय ना. आज डॉक्टर म्हणून तोच हिशोब पुन्हा मांडतो.

20 रुपयांत काय मिळतं?

मध्यम आकाराच्या वडापावात साधारण 300 कॅलरी असतात. त्यातला मोठा भाग मैद्याचा पाव आणि बटाटा यांच्या स्टार्चचा, उरलेला बहुतेक तेलाचा. प्रथिनं सहा-सात ग्रॅम, तीही मुख्यतः पाव आणि बेसनाची. तंतुमय पदार्थ थोडेच. कॅलरीच्या हिशोबाने बघाल तर हा सौदा फार स्वस्त आहे. पण हा स्टार्च लवकर पचतो, शुगर भराभर वाढते आणि बऱ्याच जणांना दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. मग चहा-बिस्किटं, मग आणखी एक वडा. म्हणून मी पेशंटला सांगतो, किंमत नगावर मोजू नका. किती तास भूक लागली नाही, त्यावर मोजा.

अशोक वैद्य यांनी 1966 साली दादर स्टेशनबाहेर वडापावची सुरुवात केली असं सांगितलं जातं. गिरणीत पाळी करणाऱ्या कामगाराला झटपट, हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं. तो कामगार आठ तास उभा राहून राबायचा. आमचे गार्ड बारा तास खुर्चीत बसतात. पदार्थ तोच, पण खाणाऱ्याच्या शरीराची गरज बदलली आहे.

चांगला वडा कसा ओळखायचा?

गरम वडा, लसणाची चटणी आणि तळलेली मिरची एकत्र आली की जवळपास काहीही चविष्ट लागतं. म्हणून पहिला घास नुसत्या वड्याचा, तोही जरा निवल्यावर घ्या. चटणीशिवाय तो खमंग लागला तर वडा चांगला. घशात खवखव झाली किंवा मागून कडवट, खवट चव आली तर तेल जुनं आहे.

कढईकडेही बघा. तेल काळपट आणि चिकट झालेलं, वर फेस धरलेला, धूर सुटलेला, अशी कढई दिसली तर पुढच्या गाडीवर जा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक तयार होतात. त्यांची मर्यादा एफएसएसएआयने जुलै 2018 पासून 25 टक्के ठरवून दिली आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, डोळे आणि नाक असतं. तेल नीट तापलेलं नसेल तर वडा तेल पितो, आणि सकाळचे वडे संध्याकाळी परत तळले तर आणखीच पितो. वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. शाईतले घटक गरम, तेलकट पदार्थात सहज उतरतात.

जुलाब झाले की आपण वड्याला दोष देतो. पण उकळत्या तेलातून निघालेल्या वड्यात जंतू सहसा टिकत नाहीत. पावसाळ्यात मला जास्त भीती पातळ हिरव्या चटणीची आणि चिरून उघड्यावर ठेवलेल्या कांद्याची वाटते. कोरडी लसूण चटणी त्या मानाने बरी, फक्त बीपी असेल तर तिच्यातलं मीठ लक्षात ठेवा.

त्याच 40 रुपयांत

पुढच्या भेटीत आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशोब केला. त्यांच्या गेटजवळ उकडलेली अंडी 10 रुपयांना एक मिळतात. दोन वडापावऐवजी एक वडापाव आणि दोन अंडी घेतली तरी खर्च 40 रुपयेच. स्टार्च निम्म्यावर येतो आणि प्रथिनं बारा-तेरा ग्रॅमवरून अठराच्या पुढे जातात. अंडी खात नसाल तर मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घ्या. घरून एक भाकरी आणता आली तर पावाऐवजी वडा तिच्यासोबत खा. आधी अंडी किंवा फुटाणे खा आणि वडापाव शेवटी, म्हणजे शुगर जरा सावकाश चढते.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये, भले त्या दिवशी वडापावच मिळो. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, त्याला लगेच दवाखान्यात न्या.

त्यांचा डोस मी कमी केला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी 8.3 आली. अजून पल्ला बाकी आहे, पण ते उपाशी राहत नाहीत. मी मात्र फाईलवर 'बाहेरचं खाणं बंद' लिहिणं सोडलं आहे.

तुम्हालाही एक विनंती. डॉक्टरांनी 'हे बंद करा' असं सांगितलं तर नुसती मान हलवून उठू नका. दुपारी कुठे असता, आजूबाजूला काय मिळतं आणि खिशात किती पैसे असतात, हे आम्हाला सांगा. आणि विचारा, "मग त्याऐवजी काय खाऊ?"