पोटातली ओल

बाबागाडीच्या सीटवरचे डाग काढणं ही काही फार मोठी विद्या नाही. काजळ, तेल, बाळगुटी, चघळून थुंकलेलं बिस्कीट, यांचं काय करायचं ते परटाच्या घरातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि बाळंतिणीच्या घरचे घाबरतात. आपण लिंबाचं पाणी फिरवायचं, तिला परत पिवळी करायची आणि उरलेलं काम उन्हावर सोडायचं. दूध सांडलं असेल तर आधी गार पाणी, कढत बिलकूल नाही. हे सगळं सांगत बसण्यात अर्थ नाही.

माझं भांडण ओलीशी आहे. सीटचं वरचं कापड खडखडीत वाळतं, हाताला कोरडं लागतं, गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातं आणि दोन-चार दिवसांनी आतल्या फोममधून आंबूस वास वर येतो. हे ज्यानं भोगलं नाही त्यानं बाबागाडी धुतलीच नाही असं मी समजतो. आणि आता या भांडणात माझ्या बोटांनीच माझी साथ सोडली आहे. डॉक्टर म्हणतात, साखरेमुळं टोकं बधिर झाली. इस्त्रीचा चटका बसला तरी उशिरा कळतो, तिथं ओल काय कळणार?

आमच्याकडं बसवकल्याण, भालकी, आळंदच्या बाजूला लेकरू झोळीतच वाढायचं. आढ्याला जुनं सुती लुगडं बांधलं की झालं. ते धुतलं, पिळलं, झटकून वाऱ्यावर टाकलं की आपलं जेवण होईस्तोवर वाळायचं. त्या कापडाला पोटच नव्हतं. बाबागाडी आमच्या खडबडीत गल्ल्यांतून अजूनही फारशी फिरत नाही. ती पुण्याहून नाहीतर हैदराबादहून लेकीबरोबर बाळंतपणाला येते आणि ओसरीवर वरणभात भरवायची खुर्ची होऊन बसते. पुढं ती बहिणीकडं, मग नणंदेकडं जाते. मधल्या कुणीतरी तिच्यावर अख्खी दुधाची बाटली सांडलेली असते आणि ते कुणी कबूल करत नाही.

घडी होणारी हलकी बाबागाडी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस तो. त्याच्या पहिल्या गाडीची सीट म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं, म्हणजे आमची झोळीच. मला त्या माणसाविषयी आदर आहे. नंतरच्या शहाण्यांनी तिच्यात फोम भरला, पाठीशी पुठ्ठा घातला आणि चहूबाजूंनी शिवून टाकलं. चेन लावलेली असली तर देव पावला. नसली तर आत काय चाललं आहे ते फक्त नाकाला कळतं.

वास कुठून येतो हे मला फार उशिरा समजलं. दूध गेलं तरी त्यातली चरबी फोमच्या भोकांत चिकटून राहते. ओल मिळाली की जंतू तिला फोडतात आणि तो वास उठतो. कोरडी असताना तीच सीट साळसूद असते. म्हणून मी सीट घेतानाच तिच्यावर तोंडानं गरम वाफ सोडतो आणि लगेच नाक लावतो. बायका हसतात. हसू द्यावं. घरातले जे सांगत नाहीत ते त्या एका वाफेला सीट सांगून टाकते.

त्यात इथलं पाणी. कलबुर्गीकडं शहाबादी फरशीचा सगळा चुनखडीचा प्रदेश आहे, तिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. आमचं पाणी त्याहून थोडं बरं, पण जड ते जडच. साबण अशा पाण्यात फाटतो आणि त्याची चिकट साय होते. लुगड्यातून ती साय खळबळून निघते, फोममधून निघत नाही. तिथंच बसते, ओल धरते, धूळ ओढते. मग लोक म्हणतात, धुतल्यावर सीट जास्त घाण झाली. रिठ्याचं तसं नाही, तो जड पाण्यात फाटत नाही. मी रिठा भिजत घालतो, त्याचं पाणी घुसळतो आणि वरचा नुसता फेस हातानं उचलून सीटवर फिरवतो. पाणी जितकं कमी आत जाईल तितकं कमी बाहेर काढावं लागतं. शेवटच्या फडक्याला साठवलेलं पावसाचं पाणी. मग सुती धोतरात सीट गुंडाळून गुडघ्यानं दाबत राहायचं. हळदीच्या डागापुरतं ऊन दाखवलं तर ठीक, पण वाळवायला उन्हात टाकायची नाही, कारण फोम पिवळा पडतो आणि पुढं त्याचा भुगा होतो. सावलीत, उलटी, वाऱ्याच्या तोंडावर ठेवायची.

इथवर सगळं ठीक. पण वाळली हे ओळखायचं कसं? मी जन्मभर हाताच्या जोरावर ते ओळखत आलो. खरं तर हाताला ओल कळतच नाही, गारवा कळतो. पाणी उडत असतं तोवर कापड गार लागतं. चैत्रात फोममध्ये खोलवर चमचाभर पाणी असलं तरी वरून बोटाला तो गारवा सापडायचा आणि मी म्हणायचो, अजून नाही, उद्या या. बोटं गेली तेव्हा गाल लावून पाहायला लागलो. गालाला बरं कळतं, दाढी केलेली असली तर. पण श्रावणात हवाच भरलेली असते. पाणी उडत नाही, मग गारवा नाही, मग ओली आणि कोरडी सीट गालाला सारखीच. तरण्या वयातसुद्धा श्रावणात माझा हात अंदाजानंच बोलत होता. हे मी आमच्या वडिलांसमोर कधी बोललो नसतो.

गेल्या पावसाळ्यात माझी भाचेसून दुकानात मदतीला यायला लागली. सायन्स शिकलेली. मी एका निळ्या सीटला गाल लावून बसलो होतो, किती वेळ कोण जाणे. ती म्हणाली, "मामा, काट्यावर टाकून बघू का?"

"कशाला? विकायची आहे का तुला?"

"तसं नव्हं. सकाळी किती भरती, दुपारी किती भरती, बघू की. पाणी उडत असंल तर वजन उतरंल. उतरायचं थांबलं की वाळली."

शेजारच्या किराणा दुकानातला काटा तिनं मागून आणला. मी काही बोललो नाही. राग आला होता. वाळत घातलेल्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावलेला मला चालत नाही. आमच्या कल्याणात, म्हणजे बसवकल्याणात, बाराव्या शतकात शरणांची, म्हणजे शिवभक्तांची, वस्त्रं धुणारे मडिवाळ माचिदेव होऊन गेले, मूळचे देवर हिप्परगीचे. ते धुतलेलं गाठोडं नेताना घंटा वाजवत जायचे, वाटेत कुणी शिवू नये म्हणून, असं सांगतात. त्यांच्या नावाचं होंड, म्हणजे तळं, अजून गावात आहे आणि १ फेब्रुवारीला सरकारी जयंतीही होते. भाषणं होतात. माचिदेवांनी वस्त्रं कशी धुतली हे सगळे सांगतात. पावसाळ्यात ती वाळवली कशी, हे आजवर एकाही वक्त्यानं सांगितलेलं नाही. मी दरवर्षी त्या आशेनं जातो.

काटा खोटं बोलत नव्हता. माझा गाल ज्या सीटला कोरडी म्हणाला, ती संध्याकाळपर्यंत आणखी हलकी होत गेली. मग मी काट्याच्या खोड्या शोधायला लागलो आणि एक सापडली. सुती अस्तराची सीट पावसाळ्यात हवेतलं पाणी आपणहून पिते. भाचेसुनेनंच पुस्तकात बघून सांगितलं. हवेत ६५ टक्के दमटपणा असेल तर १०० ग्रॅम सुकं सूत ८.५ ग्रॅम पाणी धरून बसतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. म्हणजे सुती सीटचं वजन उतरायचं थांबलं तरी ती कोरडी असेलच असं नाही, हवेइतकी ओली असू शकते. उलट झड थांबून ऊन पडलं की वाळलेल्या सीटचंही वजन पुन्हा उतरायला लागतं. मी आनंदानं म्हटलं, बघ, तुझा काटासुद्धा अंदाजानंच बोलतो. ती म्हणाली, "मग शेजारी एक वाळलेलं सुती फडकं ठिवू. त्याचंबी वजन करू. दोन्ही सारखं हललं तर हवा, सीट एकटी हलली तर ओल." तेव्हापासून दुकानात एक फडकं नुसतं वजनाला टांगलेलं असतं. त्याला मी अजून नावं ठेवतो.

तिच्याशी भांडताना निदान ओलीविषयी भांडण होतं. बाकीच्यांशी तेही होत नाही. हल्ली शहरातून वाफेचं मशीन घेऊन फिरणारे येतात. ते थेट फोममध्ये वाफ सोडतात, दूध आत शिजवून बसवतात आणि वरून सुगंधी पाणी मारून तासाभरात गाडी परत देतात. बाळाच्या नाकाखाली चार दिवस गुलाब आणि मग ताक! आमच्याच बाजारात एक जण पट्ट्यांना ब्लीच लावतो. पट्टा पांढराशुभ्र होतो खरा, पण नायलॉन ब्लीचनं कमजोर होतो आणि त्याच पट्ट्यानं लेकरू बांधलेलं असतं. मी गिऱ्हाइकांना हे सांगतो. ते म्हणतात, पण त्याचा चकचकीत दिसतो. आमचे वडील प्रत्येक घरच्या कपड्यावर बिब्ब्याची खूण करायचे, वेगळ्या घराला वेगळी. लेकराच्या कपड्यावर मात्र कधी नाही, बिब्बा कातडीला उततो म्हणून. लेकरांचे कपडे ते खुणेशिवाय ओळखून परत करायचे. तो रुबाब आता कुणाला कळणार? मला तरी कुठं जमलं असतं?

रुबाब माझ्यातही कमी नाही. सीटमधून निघालेलं काळं पाणी मी मुद्दाम पांढऱ्या बादलीत धरतो आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ओतत नाही. एखाद्या पुण्याच्या सुनेचा चेहरा ते पाणी बघून उतरतो, तेव्हा मला जे वाटतं ते चांगलं नाही, पण वाटतं. आणि काट्याचं तर मी कुणालाच कळू देत नाही. गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की काटा आणि ते फडकं पडद्यामागं जातं. मी सीट दोन्ही हातांनी उचलतो, डोळे मिटतो, गाल टेकवतो. भाचेसून पडद्याआडून मान हलवते, होय किंवा नाही. मग मी डोळे उघडून सांगतो, "घेऊन जा," नाहीतर, "उद्या या."

हे नाटक कशाला, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, काटा बघून कुणी पैसे देत नाही. तिनं ते मानलं. पैसे तेवढेच मिळाले असते. मला फक्त एवढं हवं असतं, की त्या बाईनं घरी जाऊन सासूला सांगावं, कल्याणात एक म्हातारा परीट आहे, त्याला नुसता गाल टेकवून कळतं.