छातीला पेपर, डोक्याला मफलर

थंडीच्या दिवसांत साताऱ्याहून पुण्याला गाडीवर निघायचं म्हणजे आमच्या अण्णांना आधी कालचा पेपर लागायचा. छातीला लावायला. 'ऐक्य'चा अंक उभा दुमडून ते बनियन आणि शर्टाच्या मधे सरकवायचे. त्यावर आईने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, मग रेक्झिनचं जर्किन, कानांवरून मफलर आणि डोळ्यांना हिरव्या काचेचा गॉगल. पायांत मात्र कोल्हापुरी. त्यांच्या येझदी मोटरसायकलची किक आणि गिअर एकाच दांडीवर असायचे. किक मारली की तीच दांडी फिरवून खाली घ्यायची आणि तिनेच गिअर टाकायचे. ते टाकून टाकून अण्णांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलं होतं. आम्हाला वाटायचं, मोठ्या माणसांचं नख तसंच असतं.

मी पेट्रोलच्या टाकीवर, माकडटोपी घालून. आई मागे एकीकडे पाय सोडून, पदर कमरेला घट्ट खोचलेला, एक हात अण्णांच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात डब्याची पिशवी. मागच्या चाकाला साडी गार्ड होतं. आमच्या सगळ्या सरंजामात पडझडीचा विचार करून बसवलेली तेवढी एकच वस्तू, आणि तीही साडीसाठी. तिघांत मिळून हेल्मेट शून्य.

शिरवळला चहाला थांबलो की पहिलं काम डोळ्यांतली चिलटं काढायचं. रुमालाच्या टोकाची गुंडाळी करून आई ती तोंडाच्या वाफेने ऊन करायची आणि डोळ्याला लावायची. पुण्यात आत्याकडे पोचल्यावर तोंड धुतलं की मोरीत काळं पाणी. अण्णा पेपर काढायचे, तोवर तो घामाने मऊ झालेला असे आणि बनियनवर मथळ्यांची उलटी अक्षरं उमटलेली असत. आत्या ती आरशापुढे धरून वाचून दाखवायची.

हेल्मेट तेव्हा दिसायचंच नाही असं नाही. आमच्या आळीत एकाकडे होतं, फायबरचं, कळशीएवढं जड. ते घालून तो जाताना दिसला की लोक म्हणायचे, 'कंपनीत लागलाय वाटतं.' हेल्मेट म्हणजे नोकरीची खूण. डोक्याशी त्याचा संबंध आहे हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. राजदूतवरून दुधाच्या किटल्या नेणाऱ्या गवळ्याच्या डोक्याला फेटा असायचा. त्याच्या डोक्यावर निदान कापडाचे आठ-दहा वेढे तरी होते, आमच्यापेक्षा तोच शहाणा म्हणायचा.

१९८३ च्या मार्चमध्ये खंबाटकी उतरताना ट्रकमधून सांडलेल्या बारीक खडीवर आमचं पुढचं चाक सरकलं. मी मागे होतो, आठवीत. वेग फार तर तिशीचा. अण्णांनी पडताना दोन्ही तळहात पुढे केले, आणि मी अण्णांवर पडलो. त्या दिवशी माझं जॅकेट अण्णाच होते. मला गुडघ्यावर एक ओरखडा. त्यांचे तळहात, कोपर आणि गुडघे मात्र सोलवटून निघाले, आणि टेरिकॉटची पँट गुडघ्याच्या जखमेत जाऊन बसली. खंडाळ्यातल्या डॉक्टरांनी ती पाण्याने भिजवून भिजवून सोडवली. मग चिमट्याने तळहातातला एकेक खडा काढून स्टीलच्या वाटीत टाकला. प्रत्येक खडा पडला की टण्ण असा आवाज यायचा. मी सतरापर्यंत मोजले आणि बाहेर जाऊन बसलो.

आठ दिवस आईने त्यांना भरवलं. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, डोकं वाचलं, देवाची कृपा. पुढच्या वेळी अण्णा निघाले ते पुन्हा पेपर, स्वेटर, मफलर आणि कोल्हापुरी याच वेषात. फरक एवढाच, की तेव्हापासून घाटात खामजाईपुढे गाडी थांबून नारळ फुटायला लागला. आम्हाला हे विचित्र वाटलं नाही. वारा लागतो, थंडी बाधते, धूळ छातीत जाते, यांचा बंदोबस्त माणसाने करायचा. पडणं देवाकडे होतं.

हे खूप वर्षं असंच चाललं. मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा कायनेटिक होंडावरून जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळायला लागल्या होत्या. नुसते डोळे उघडे, त्यावर गॉगल, हातांत कोपरापर्यंतचे पांढरे मोजे. बाहेरगावचे पाहुणे दचकायचे. पण तो सगळा बंदोबस्तही उन्हाचा आणि धुराचाच, रस्त्यावर आपटण्याचा त्यात विचार नाही.

कायदा तर केव्हाच आला होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला, हेल्मेटचं कलम १२९ त्यातलंच. त्याला तीस वर्षं होत आली तेव्हा, २०१९ च्या जानेवारीत, पुण्यात पोलिसांनी ते कलम मनावर घेतलं, तर शहरात मोर्चे निघाले. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, पेठेत गाडी विसाच्या वर जातच नाही. हे सगळं मीही ऑफिसात बोललो आहे, तेही तावातावाने, आणि खंबाटकीला आमचा वेग किती होता हे त्या वेळी मला आठवलं नाही. त्या काळात हेल्मेट मी कोपरात अडकवून हिंडायचो आणि चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवायचो. अण्णांचं जे कोपर उघडं राहिलं होतं, ते निदान माझं तरी झाकलेलं असायचं.

आता माझी लेक हिंजवडीत नोकरी करते आणि शनिवारी पहाटे कासला, नाहीतर महाबळेश्वरला निघते. तिची तयारी मी कठड्याला टेकून बघत बसतो. जॅकेटला खांद्यांवर, कोपरांवर आणि पाठीला गाद्या शिवलेल्या. हाताला लावून बघितलं तर मऊ लागतात, पण जोरात आपटलं की त्याच कडक होतात म्हणे. घोट्याच्या वर जाणारे बूट. पँटवरून बांधायचे गुडघ्यांचे पट्टे. ग्लोव्हजच्या तळहाताला, मनगटाजवळ, प्लॅस्टिकची गुळगुळीत चकती आहे. ती कशाला, असं मी विचारलं.

"पडताना माणूस हात पुढे करतोच ना बाबा. नुसतं कापड असलं तर ते रस्त्याला धरतं आणि मनगट मोडतं. हे घसरत जातं."

वाटीतला तो टण्ण आवाज मला ऐकू आला. हे ज्याने कुणी तयार केलं, त्याने आमच्या अण्णांचे हात पाहिले असावेत असं वाटलं.

या जॅकेटची किंमत अण्णांनी सेकंडहँड घेतलेल्या येझदीपेक्षा जास्त आहे. महागाईचा हिशेब धरला तर ही तुलना टिकत नाही, पण आईला ती सांगायला मजा येते.

हेल्मेटच्या बाबतीत लेक फार कडक. माझं माळ्यावरचं जुनं हेल्मेट तिने फेकूनच दिलं. ते एकदा गच्चीच्या जिन्यावरून गडगडत गेलं होतं. वरून चरासुद्धा नव्हता. तिचं म्हणणं, वरचं कवच धड दिसलं म्हणून भागत नाही. आत थर्मोकोल असतो. तो चेपून धक्का स्वतःकडे घेतो, पण एकदाच. चेपलेला परत फुगत नाही. मग ती मला नवं घ्यायला घेऊन गेली आणि आयएसआयचा शिक्का दोनदा तपासला. २०२१ च्या जूनपासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग लावलेले दिसतातच. मी बेळगावात बनलेलं पसंत केलं. साताऱ्याच्या माणसाला बेळगाव जवळचं वाटतं, बाकी कारण काही नाही.

गेलं काय, तर ओळख गेली. पूर्वी समोरून येणारा मफलरवरून अण्णांना ओळखायचा, हात करायचा, कधी थांबायचाही. आता काळ्या काचेआड कोण आहे ते कळत नाही. वारा तोंडावर यायचा तो गेला. उसाच्या गाड्यांच्या मागे लागणारा तो गोडसर वास गेला, त्याची मात्र मला खरंच चुटपुट आहे. आणि आई-अण्णांची ती गाडीवरची बोलणी. अण्णा ओरडून काहीतरी सांगायचे, अर्धं वाऱ्यावर जायचं, आई न ऐकताच 'हो' म्हणायची. त्या 'हो'वर कितीतरी निर्णय झाले. आमचा प्लॉटही असाच घेतला गेला, असं आई सांगते.

मागच्या महिन्यात लेकीच्या मागे बसून मी साताऱ्याला गेलो. निघण्यापूर्वी तिने माझ्या हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली आणि एक घर आवळला. दोन्ही हेल्मेटांत तिने बोलायचं यंत्र बसवलंय, त्यामुळे ओरडावं लागलं नाही, आणि न ऐकता 'हो' म्हणायची सोयही राहिली नाही. खंबाटकीला मी ती जागा शोधत होतो. आता घाटातून फक्त साताऱ्याकडे जायचं, पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून. आम्ही उतरताना पडलो ते वळण मी चढताना शोधत होतो, सापडलं नाही.

घरी पोचल्यावर आईने नातीच्या जॅकेटचं कोपर बोटाने दाबून पाहिलं. मग दुसरं पाहिलं.

"उकडत नाही का गं यात?"

"उकडतं की आजी."

जाळीची जॅकेटं निघाली आहेत, चालत्या गाडीवर ती बरी पडतात. पण मे महिन्यात सिग्नलला थांबलं की उकडतंच.