माया ठेवलेलं दार

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका दारावरून रात्री साडेअकरापर्यंत जागरण झालं. दार लाकडाचं नव्हे, संगणकातलं. आमची सूनबाई घरी बसून घरांचे प्लॅन काढून देते. आयटीआयची सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे ती. आधी पुण्यात एका ऑफिसात होती, नातू झाल्यावर इकडे सांगलीला आली आणि आता इथल्या दोन-तीन इंजिनिअरांची कामं घरून करते. मी तिच्या मागे पलंगावर बसून भाजी निवडते, पेपर वाचते आणि मधूनच "हे काय गं?" असं विचारते. पस्तीस वर्षं मुलांच्या मागे लागले होते, शंका विचारा, शंका विचारा म्हणून. आता माझी पाळी.

तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या सत्तरीच्या बाईला ऑटोकॅडमधलं काय कळणार? सगळं नाही कळत. पण जे कळलं ते सांगते.

मी भूगोल आणि मराठी शिकवायचे. भूगोलासाठी माझ्याकडे रबरी शिक्के होते, भारताचा, महाराष्ट्राचा, जगाचा. शाईच्या पॅडवर दाबायचा आणि वहीत उठवायचा. चाळीस वह्यांत चाळीस नकाशे, सगळे अगदी एका मापाचे. ऑटोकॅडमधला साधा ब्लॉक म्हणजे हा शिक्का. दार, खिडकी, बेसिन, कमोड एकदाच काढायचं, नाव देऊन ठेवायचं आणि लागेल तिथे उठवायचं. शिक्क्याची अडचणही तीच. नद्यांचा नकाशा हवा तर वेगळा शिक्का, राज्यांचा हवा तर वेगळा. सूनबाई पुण्याच्या ऑफिसात लागली तेव्हा तिथल्या फोल्डरमध्ये नुसती दारंच साठच्या वर होती म्हणे. साडेसातशेचं डावं, साडेसातशेचं उजवं, आत उघडणारं, बाहेर उघडणारं, मग नऊशेचं डावं... (मापं मिलिमीटरमध्ये. साडेसातशे म्हणजे संडास-बाथरूमचं दार, नऊशे म्हणजे खोलीचं.)

ऑटोकॅडची २००६ ही आवृत्ती २००५ साली आली, तिच्यात डायनॅमिक ब्लॉक आले. म्हणजे एकच दार, पण रुंदी बदलणारं, डावं-उजवं होणारं, आत-बाहेर फिरणारं. मला हे सूनबाईने तीनदा समजावलं. डोक्यात शिरलं ते मात्र आमच्या शिंपीकाकांमुळे. ब्लाऊज शिवताना ते शिवणीच्या आत थोडं कापड जादा ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंगाने भरलं की उसवून सैल करता येतं. पण माया कुठे ठेवायची याला अक्कल लागते. बाजूला ठेवतात, बाहीला ठेवतात. गळ्याला ठेवून काय उपयोग?

दाराचंही तसंच. सबंध दार मोठं केलं (त्याला स्केल म्हणतात) तर सगळंच फुगतं, फळीची जाडीसुद्धा. नऊशेच्या दाराची फळी साडेसातशेच्या दारापेक्षा जाड कशाला असेल? म्हणून चौकट नुसती ताणायची, म्हणजे स्ट्रेच. दार फिरतं ती पाव वर्तुळाची रेघ मात्र स्केलने मोठी करायची. आणि नकाशात फळी उघडी, चौकटीला काटकोनात काढलेली असते, तेव्हा रुंदी आडवी वाढली की फळी उभी वाढायला हवी. ते तिला नव्वद अंशाचा फरक देऊन वेगळं सांगावं लागतं. ताणायचा भाग एका तुटक रेघांच्या चौकोनात धरायचा असतो. त्यातून एखादी रेघ सुटली की दार वाढतं आणि ती रेघ तिथेच मागे राहते, सहलीत बस सुटल्यावर मागे राहिलेल्या मुलासारखी.

हे सगळं 'ब्लॉक एडिटर'मध्ये करतात. तिथे दोन गोष्टी असतात, पॅरामीटर आणि अ‍ॅक्शन. काय बदलणार ते पॅरामीटर सांगतं आणि बदललं की काय घडायचं ते अ‍ॅक्शन. नुसतं पॅरामीटर टाकून अ‍ॅक्शन द्यायला विसरलात तर त्याच्याजवळ पिवळं उद्गारचिन्ह येतं. क्रियापद नसलेल्या वाक्याखाली मी लाल रेघ मारायचे, तेच काम. मला फार आवडलं ते चिन्ह!

आणखी एक गंमत सांगते. ब्लॉकमधल्या रेघा 'झीरो' नावाच्या लेअरवर काढल्या तर ब्लॉक ज्या लेअरवर नेऊन ठेवाल त्याचा रंग त्या घेतात. मी म्हटलं, "म्हणजे सुनेसारखं, जिथे जाईल तिथला रंग घ्यायचा." सूनबाई हसली नाही. असो.

तिच्या दारात तीनच मापं आहेत, ७५०, ९०० आणि १०००. निळा त्रिकोण धरून ओढलं की दार त्या तीन मापांवरच थांबतं. ८३७ मिलिमीटरचं दार कुणाला करायचंच म्हटलं तरी होत नाही. माप बदललं की शेजारचं डी, डी-१, डी-२ हे नावही आपोआप बदलतं. भिंतीजवळ नेलं की भिंतीच्या दिशेने आपणहून वळतं. उघडं, अर्धं उघडं, बंद अशी तिन्ही रूपं एकाच ब्लॉकमध्ये ठेवून हवं ते दाखवता येतं. (माझे तीन शिक्के एकात!) हे दार करायला आणि मग त्याच धर्तीवर खिडक्या, झरोके, जिने, मोऱ्या करायला पुण्यात तिची दोन वर्षं गेली. ऑफिसच्या कामाच्या वेळेत नव्हे, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी.

तिथे काय झालं तेही सांगायला हवं. एका सहकाऱ्याने घाईत तिचं दार 'एक्स्प्लोड' केलं. म्हणजे ब्लॉक फोडून त्याच्या सुट्या रेघा केल्या. फोडलं की माप बदलायची सगळी सोय जाते, उरतं ते नुसतं चित्र. मग त्याने हाताने रेघा सरकवून साडेसातशेचं दार केलं आणि शेजारी नाव टाकलं ते दुसरीकडून उचललेलं, नऊशेच्या दाराचं. गवंड्याने चित्रातलं माप बघून साडेसातशेच्या जागा सोडल्या, सुताराने तक्त्यातलं नाव बघून नऊशेच्या चौकटी केल्या. पाच चौकटी वाया गेल्या. बोलणी कुणाला बसली? दार जिने केलं तिला. पुढे ती ते ऑफिस सोडून आली. ब्लॉक तिथेच आहेत, अजून वापरतात, आणि ते कुणी केले हे आता तिथे कुणाला ठाऊकही नसेल. तिने आपली एक प्रत तेवढी आणली.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. इथल्याच एका इंजिनिअरकडे आयटीआयहून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी लागली आहे. ती एका रविवारी घरी आली आणि चहा घेता घेता म्हणाली, "ताई, तुमचे ब्लॉक मला द्याल का?" तिने आणलेला नकाशा सूनबाईने उघडून पाहिला. प्रत्येक दार वेगळं काढलेलं, दोन दारं एकमेकांवर आपटणारी. सूनबाई म्हणाली, "बघते." मुलगी गेली आणि घरात वाद सुरू झाला.

मी आपलं शिक्षकाचं ठेवणीतलं वाक्य काढलं, विद्या दिल्याने वाढते. ती म्हणाली, "अहो आई, विद्या वाढते हो, कामं कमी होतात. ती मुलगी माझ्या निम्म्या पैशात करून देईल. आणि फोडून ठेवील ते वेगळंच." यावर मला उत्तर नव्हतं. घरात तिचेच पैसे वेळेवर येतात. माझ्या पेन्शनीवर बसून फुकटचा उपदेश करणं सोपं आहे.

दोन दिवसांनी तिने एक फाईल पाठवली. का पाठवली ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मुलीचा फोन, "ताई, चित्रं दिसतात पण दार येत नाही." झालं असं की सूनबाईने पाठवली होती ती टूल पॅलेट. तिच्यात दारांची छोटी चित्रं असतात आणि दार कुठल्या फाईलमध्ये आहे त्याचा पत्ता असतो. पत्ता आमच्या घरच्या संगणकातला! म्हणजे अनुक्रमणिका पोचली, धडे घरीच राहिले. सूनबाई कपाळावर हात मारून घेऊन हसली. मला वाटलं, आता ती ते तेवढ्यावरच सोडेल.

त्याच रात्रीचं ते जागरण. जेवणं झाल्यावर तिने एकेक ब्लॉक उघडला आणि वेगळ्या फाईलमध्ये काढायला सुरुवात केली. नुसतं काढून पाठवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण स्वतःसाठी केलेली वस्तू आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू यांत फरक असतो, हे मला त्या रात्री मागे बसून दिसलं. दार उचलायचा बिंदू तिने चौकटीच्या कोपऱ्यावर आणला, कारण तिला सवयीने कुठूनही जमायचं, नव्या मुलीला जमणार नाही. 'दार२नवीन' असलं नाव बदलून नीट नाव दिलं. जुन्या ऑफिसच्या लेअरचं एक नाव कुठेतरी चिकटून आलं होतं, ते शोधून काढलं. तिला स्वतःला वाटेत न येणाऱ्या गोष्टी होत्या या सगळ्या.

शेवटी ती एका खुणेपाशी थांबली. ब्लॉकच्या गुणधर्मांत 'फोडायला परवानगी' अशी एक ओळ असते, हो किंवा नाही. नाही केलं की कुणालाही तो ब्लॉक फोडता येत नाही. तिने 'नाही' केलं. मी म्हटलं, "मग त्या मुलीला आतलं कसं कळणार?" ती म्हणाली, "एडिटरमध्ये उघडता येतो ना! आत जाऊन सगळं बघू दे, बदलू दे. नुसतं फोडायचं नाही." आणि फाईल मिटली. मी पलंगावरून उठले नाही, मला झोप लागेना.

कारण मला १९९१ साल आठवत होतं. शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या, आठवीचा भूगोल त्यांच्याकडे. मला म्हणाल्या, "तुमचं टाचण बघायला मिळेल का?" माझ्या टाचणवह्या शाळेत नावाजलेल्या. प्रत्येक पाठाला कुठला प्रश्न आधी विचारायचा, मुलं कुठे चुकतात, फळ्यावर आकृती कुठून सुरू करायची, सगळं समासात. मी त्यांना सांगितलं, "ज्याचं टाचण त्याने काढावं." आणि कपाटाला कुलूप लावलं. माझ्या वह्या कुणी चोरल्या नव्हत्या, मला कुणी बोल लावला नव्हता. सूनबाईला होतं तसं कारण माझ्याकडे नव्हतंच.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी त्या वर्गावरून जात होते. बाईंनी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या होत्या, दरी आणि डोंगरसोंड. दरीच्या रेषांचं टोक चढाकडे असतं आणि सोंडेच्या रेषांचं उताराकडे. त्यांचं उलटं झालं होतं. पन्नास मुलं वह्यांत उतरवून घेत होती. माझ्या टाचणात नेमक्या त्या जागी लाल शाईने लिहिलेलं होतं, 'इथे गोंधळ होतो, आधी रेषांवर उंचीचे आकडे घाला.' मी दारात थांबले, आणि पुढे गेले. २००९ साली निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करायला सांगितलं. तोवर अभ्यासक्रम बदलून गेला होता. वह्या रद्दीत गेल्या.

हे मी सूनबाईला अजून सांगितलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन, "ताई, दार गावाएवढं आलंय!" तिचा नकाशा मीटरमध्ये, दार मिलिमीटरमध्ये, आणि ब्लॉकवर एकक घालायचंच राहिलेलं. म्हणजे नऊशे मीटरचं दार! आमच्या गल्लीत मावलं नसतं. सूनबाईने एकक घालून पुन्हा पाठवलं, ते नीट बसलं.

आणि परवा त्या मुलीकडून एक फाईल आली. तिने ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन आमच्या दारात सरकत्या दाराचं एक रूप स्वतः घातलं होतं. सूनबाईने मोठ्या उत्सुकतेने ते पॅलेटवरून चालू नकाशात ओढलं, तर आपलंच जुनं दार आलं. नकाशात त्याच नावाचा ब्लॉक आधीच असला की तो नव्याला आत येऊ देत नाही. (वर्गात दोन सुनीता असल्या की एकीच्या हजेरीला दुसरी उत्तर देते, तसं.) कोऱ्या फाईलमध्ये आणलं तेव्हा नवं दिसलं. सरकवून पाहिलं तर दार बाजूच्या काटकोनातल्या भिंतीत अर्धं घुसलं.

सूनबाई बराच वेळ बघत राहिली. मग फोन उचलून म्हणाली, "अगं, दुपारी मोकळी आहेस का? ये घरी. आणि येताना तुझा तो नकाशा घेऊन ये."

मी भाजी बाजूला ठेवली आणि चहाला आलं किसायला घेतलं.