सूर्याच्या पट्ट्या आणि हृदयावरचा डाग

१/ वाघोलीच्या दगडखाणींत उमेदीची वर्षे घालवलेला एखादा गृहस्थ छातीत दुखते म्हणून हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनला जातो. चित्रात हृदयाच्या खालच्या भिंतीवर फिकट डाग दिसतो. तेथे रक्त पोहोचत नाही, की ती निव्वळ सावली? पुढचा उपचार यावर ठरतो. या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ हे चित्र कॅमेऱ्याने थेट काढलेले नसते. शिरेतून दिलेले टेक्नेशियमयुक्त औषध रक्तपुरवठ्यानुसार हृदयाच्या स्नायूत साठते. कॅमेरा छातीभोवती फिरत त्याचे गॅमा किरण टिपतो. प्रत्येक कोनातून केवळ सपाट छाया मिळते. अशा अनेक छायांवरून हृदयाचे काप गणिताने पुन्हा उभे करावे लागतात.

३/ हे शक्य आहे, याची सिद्धता ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ साली दिली. वैद्यकाला मात्र तिची वार्ता कित्येक दशके नव्हती.

४/ हाच पेच सूर्याच्या अभ्यासकांपुढेही होता. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील अँटेनांच्या रांगेला सूर्य पट्ट्यापट्ट्यांनीच ‘दिसे’. क्रिस्टियनसेन आणि वॉरबर्टन यांनी निरनिराळ्या दिशांच्या पट्ट्यांवरून सूर्याचे द्विमितीय रेडिओचित्र सिद्ध केले. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्या किचकट आकडेमोडीत १९५३ साली तेथे गेलेल्या एका भारतीय तरुणाचा हात होता : गोविंद स्वरूप.

५/ पुढे पॉट्स हिलच्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ साली स्वरूप व सहकाऱ्यांनी त्या कल्याणला उभारल्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील महादुर्बीण ही त्याच वाटेवरची पुढची मजल.

६/ वैद्यकात कूल आणि एडवर्ड्स यांनी १९६३ साली प्रत्येक छाया आली त्याच दिशेने मागे पसरून काप घडवला. पण अशा चित्राच्या कडा विरघळतात. त्यावरचा गणिती उतारा रेडिओखगोलात ब्रेसवेल (स्वरूप यांचे स्टॅनफर्डमधील मार्गदर्शक) आणि रिडल यांनी १९६७ साली मांडला. क्ष-किरणचित्रांसाठी १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी. ‘राम-लॅक’ फिल्टर हे नाव या दोघांचेच.

७/ मात्र हा फिल्टर कडांबरोबर खरखरही वाढवतो. शिवाय या पद्धतीत किरण वाटेत कोठेही अडले नाहीत, असे गृहीत असते. प्रत्यक्षात श्वासपटल काही किरण शोषते आणि निरोगी खालची भिंतही फिकी दिसू शकते.

८/ म्हणून दुसरी रीत आली : आधी चित्राचा अंदाज बांधायचा, त्यावरून कोणत्या छाया पडतील ते काढायचे, खऱ्या छायांशी ताडून अंदाज सुधारायचा, आणि हे पुनःपुन्हा करायचे. शेप आणि वार्डी यांनी १९८२ साली ती मांडली. हडसन आणि लार्किन यांनी १९९४ साली वेगवान केली. हे दोघेही सिडनीचेच! या रीतीत शरीराने किती किरण शोषले, याचाही हिशेब धरता येतो.

९/ वाघोलीच्या त्या गृहस्थाला पालथे झोपवून पुन्हा छाया घेता येतात. डाग नाहीसा झाला, तर बहुधा ती सावलीच. दप्तरात गावाचे नाव नाही, एवढ्यावरून गाव नव्हतेच असे इतिहासकार म्हणत नाही. दप्तर कोणी आणि कसे लिहिले, हे आधी पाहतो. हृदयाच्या चित्रालाही तोच न्याय हवा.